मतदाराची ओळख : अधिकार कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

(राष्ट्रीय मतदार दिवसाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मतदाराने आपली ओळख सिद्ध करावी की नाही, या प्रश्नावर भाषण कशाला हवे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. मतदान केंद्रावर गेलो, ओळखपत्र दाखविले, बोटाला शाई लागली, मत दिले. आपल्याला ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तीत वाद घालण्याजोगे काही आहे, हेच लक्षात येत नाही. परंतु जगातील सर्वांत जुन्या लोकशाहींपैकी एक म्हणविणाऱ्या अमेरिकेत गेली वीस वर्षे या एका प्रश्नावरून रणे माजली आहेत. आणि गंमत पाहा, २५ मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणूक सुधारणांविषयी जो आदेश काढला, त्याच्या आरंभीच भारताचा दाखला दिला. भारत आणि ब्राझील हे देश मतदाराची ओळख जैवमापन माहितीशी जोडत आहेत, आपण मात्र नागरिकत्वाच्या बाबतीत मतदाराच्या शब्दावर विसंबतो, असा त्याचा आशय होता.

हे ऐकून आपली मान ताठ होणे स्वाभाविक आहे. पण पत्रकाराची सवय अशी की, कौतुक ऐकले की तोही ते एकदा तपासून पाहतो. भारतात २०२१ च्या कायद्याने आधार क्रमांक मतदार यादीशी जोडण्याची सोय झाली, हे खरे. परंतु ती जोडणी ऐच्छिक आहे आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच नमूद आहे. म्हणजे आपले कौतुक झाले, ते थोडे चुकीच्या कारणासाठी. कौतुकाचे खरे कारण वेगळे आहे. ते कोणते, आणि त्याला आपण आजही जागतो आहोत का, हेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

अन्याय दोन प्रकारचे

मतदानात अन्याय दोन प्रकारांनी होतो. ज्याला अधिकार नाही त्याचे मत पेटीत पडते, हा पहिला. ज्याला अधिकार आहे तो दारातून परत जातो, हा दुसरा. पहिल्या अन्यायात खऱ्या मताचे मोल कमी होते, दुसऱ्यात ते नाहीसेच होते. एक गट केवळ पहिल्याविषयी बोलतो, दुसरा केवळ दुसऱ्याविषयी. ज्याला लोकशाहीची चाड आहे, त्याने दोहोंविषयी बोलले पाहिजे.

‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला आणि काही मातब्बर माणसेही त्याच्या नादी लागली. अखेर १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. एक माणूस दुसऱ्याचे नाव घेऊन उभा राहिला तर एक राज्य केवढे हादरते, हे आपण तेव्हा पाहिले आहे. मतपेटीपुढचा तोतया त्याहून लहान असेल. पण त्याची गणना होत नाही, म्हणून तो अधिक निर्धास्त असतो.

राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली काँग्रेसचे सी. पी. जोशी केवळ एका मताने पराभूत झाले. एका मताने! त्यानंतरच्या वादात मुद्दा आला तो ‘टेंडर्ड’ मतांचा. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे, असे आढळल्यास खऱ्या मतदाराला स्वतंत्र मतपत्रिकेवर मत देता येते. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात राहते आणि एरवी मोजली जात नाही. हा वाद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून, बोगस मतदान हा केवळ बागुलबुवा आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अमेरिकेतील संन्याशिणी

आता दुसरी बाजू पाहू. इंडियाना राज्याने २००५ मध्ये मतदानासाठी छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र सक्तीचे केले. त्याला आव्हान मिळाले आणि एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या निकालपत्रात एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नोंदविली. इंडियानाच्या इतिहासात मतदान केंद्रावर येऊन तोतयेगिरी केल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नव्हते.

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्या राज्यात प्राथमिक निवडणूक झाली. साउथ बेंड या गावी सुमारे डझनभर वृद्ध ख्रिस्ती जोगिणी मतदानाला गेल्या. ऐंशी-नव्वदीच्या त्या स्त्रिया मठात राहणाऱ्या. गाडी चालवीत नव्हत्या, म्हणून चालू परवाना नव्हता. त्यांना परतावे लागले. परत पाठविणारी केंद्रावरील कर्मचारी त्यांच्याच मठातील एक जोगीण होती! ती त्या साऱ्यांना नावानिशी ओळखत होती, पण कायद्याला तिची ओळख मान्य नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही आपली म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी क्वचितच पाहिली आहे.

तेथील कृष्णवर्णीयांच्या संशयाला तर इतिहासाचा आधार आहे. दक्षिणेतील राज्यांत मतदानासाठी कर भरावा लागे, साक्षरतेच्या परीक्षा द्याव्या लागत. नियम सर्वांना सारखा, पण त्याची धार मात्र एकाच समाजावर. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर हे चित्र पालटले. आणि तरीही टेक्सास राज्याने २०११ मध्ये केलेल्या कायद्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालेल, विद्यापीठाचे ओळखपत्र चालणार नाही, अशी तरतूद आली. कागदांची यादी कोण ठरवितो, यावर मतदारांची यादी कशी ठरते, हे यावरून दिसते.

मात्र येथेही अतिशयोक्ती नको. कँटोनी आणि पॉन्स या दोन अभ्यासकांनी २००८ ते २०१८ या काळातील निवडणुका तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कडक ओळखपत्र कायद्यांमुळे एकूण मतदानात लक्षणीय घट झाल्याचे त्यांना आढळले नाही. म्हणजे एका गटाने रंगविलेली भीती जशी अवास्तव, तशीच दुसऱ्याचीही. परंतु एकूण आकडा घटला नाही, एवढ्याने परत गेलेल्या वृद्धेचे समाधान होत नाही. हक्क हा सरासरीने मोजायचा नसतो.

आपली वाट

आता आपल्या देशाकडे वळू. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होताना उत्तरेतील अनेक राज्यांत स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्याऐवजी अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी अशी नोंद केली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्या यादीत राहू शकली नाहीत. निर्णय कठोर होता. पण सेन तेवढ्यावर थांबले नाहीत. नाव सांगण्यासाठी आधी मुदत वाढवून दिली, प्रचार केला, आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी हे चित्र बरेच पालटले. कठोरपणा आणि पाठपुरावा हे दोन्ही एकत्र असले, तरच कठोरपणाला नैतिक अधिकार येतो.

छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचा प्रयोग १९६० साली कोलकात्याच्या एका लोकसभा पोटनिवडणुकीच्या निमित्ताने झाला आणि फसला. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढू देण्यास नकार दिला होता. पुढे टी. एन. शेषन आले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये आयोगाने देशभर छायाचित्रासह ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला. ओळखपत्रे नाहीत तर निवडणुका नाहीत, अशी शेषन यांची भाषा होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ओळखपत्रांचे काम अपुरे राहिले म्हणून निवडणुका थांबल्या नाहीत. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक १९९५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पार पडली.

त्या वेळी मी पत्रकारितेत नवखा होतो. शाळांच्या वर्गांत पांढरा पडदा लावून छायाचित्रे काढली जात. डोक्यावरचा पदर सावरीत, आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यापुढे बसलेल्या आजीबाई मी तेव्हा पाहिल्या. आलेल्या छायाचित्रात माणूस ओळखू येत नसे, यावर आम्ही विनोद केले. आज वाटते, विनोद करताना एक मोठी गोष्ट आमच्या नजरेतून निसटली. राज्यसंस्था स्वतः गावात आली होती, स्वतःच्या खर्चाने, आणि नागरिकाला सांगत होती की, तू कोण आहेस याची नोंद आम्ही तुला देतो. इंडियानात मतदाराला ओळखपत्रासाठी कचेरी गाठावी लागे. येथे कचेरी मतदाराच्या गावी आली. आपल्या कौतुकाचे खरे कारण हे आहे.

दुसरे कारण म्हणजे पर्यायांची सोय. ओळखपत्र हरवले असेल तर आधार, पारपत्र, वाहन परवाना, बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे छायाचित्र असलेले पासबुक, रोजगार हमीचे कार्ड, असे अनेक कागद चालतात. ओळखपत्रावरील किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावे, अशाही आयोगाच्या सूचना आहेत.

आईचे ओळखपत्र

येथे घरची एक गोष्ट सांगतो. माझ्या आईचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. ओळखपत्रावर सासरचे नाव आले, पण आडनावात चूक झाली आणि वय बारा वर्षांनी कमी लागले. वयाच्या चुकीबद्दल तिची तक्रार नव्हती! परंतु एका निवडणुकीत मतदान अधिकाऱ्याने तिला थांबविले. तेवढ्यात बाकावर बसलेला मतदान प्रतिनिधी उठला. आमचे घर ज्या पक्षाचे समजले जाई, त्याच्या विरुद्ध पक्षाचा तो होता. तो म्हणाला, “साहेब, या काकूंना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांचं मत आम्हाला पडत नाही, तेही मला ठाऊक आहे. पण मत त्यांचंच आहे.” आईने मत दिले.

आपल्या निवडणूक नियमांतही ही व्यवस्था आहे. मतदाराविषयी शंका असल्यास प्रतिनिधीने दोन रुपये अनामत ठेवून आक्षेप घ्यायचा, आणि केंद्राध्यक्षाने जागच्या जागी शहानिशा करायची. या व्यवस्थेचा पाया आहे माणसांनी माणसांना ओळखणे. गावात तो पाया होता. पण मुंबईच्या उपनगरातील एखाद्या चाळीत, दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या कामगाराला कोण ओळखणार? तेथे कागद लागतो. मी कागदाच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच की, जेथे शेजाऱ्याची साक्ष संपते, तेथे शासनाची जबाबदारी वाढते.

खरा प्रश्न यादीचा

ओळखपत्र हातात असले, तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. म्हणून खरा प्रश्न कार्डाचा नाही, यादीचा आहे. राज्यघटनेच्या कलम ३२६ नुसार मताचा अधिकार नागरिकाला आहे. परकीय नागरिकाचे नाव यादीत असू नये, मृताचे असू नये, एकाच माणसाचे दोन ठिकाणी असू नये. याविषयी तडजोड नाही.

बिहारमध्ये जून २०२५ मध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७.८९ कोटींवरून संख्या ७.२४ कोटींवर आली. सुमारे ६५ लाख नावे गळली. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यांत सुमारे २२ लाख मृत होते, ३६ लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले, आणि ७ लाख एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेले. २२ लाख मृतांची नावे यादीत राहिली असतील, तर शुद्धीकरण अनावश्यक होते असे कोण म्हणेल?

पण आरंभी मान्य केलेल्या अकरा कागदांत आयोगाने स्वतः दिलेले ओळखपत्रच नव्हते. गळलेल्यांची नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने आधारला बारावा कागद म्हणून मान्यता दिली, नागरिकत्वाचा नव्हे तर ओळखीचा पुरावा म्हणून. ३० सप्टेंबरची अंतिम यादी ७.४२ कोटींची झाली. हेतू योग्य असला, तरी नाव गळलेल्या माणसाला कारण कळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. १९९५ सालीच, दिल्ली आणि मुंबईतील वस्त्यांच्या प्रकरणात, लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, आधीच यादीत असलेल्या माणसाचे नाव त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून काढता येणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच मोहीम आणखी बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाली. त्यांत आपला शेजारी गोवाही होता. म्हणून हा प्रश्न दूरचा समजू नका.

आपले काम

बंधू-भगिनींनो, ओळख मागण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे. पण ज्याने ओळख देण्याचे कर्तव्य पार पाडले, त्यालाच ती मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो. कागद मोफत हवा, घराजवळ मिळायला हवा, आणि नाव काढण्यापूर्वी माणसाला कळायला हवे. या तीन अटी पूर्ण करून मग नियम कितीही कडक करा, त्याला अन्याय म्हणता येणार नाही.

आणि हे सारे शासनावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. नव्या नावासाठी अर्ज क्रमांक ६, आक्षेपासाठी ७, दुरुस्तीसाठी ८, एवढे तरी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे. आपल्या केंद्राची यादी घेऊन एकदा बसा. त्यात मृताचे नाव दिसले तर ते काढण्यासाठी अर्ज करा. मात्र शेजारच्या वस्तीत एखाद्या म्हातारीचे नाव गळलेले दिसले, तर तिच्या घरीही तितक्याच तत्परतेने जा. ती कोणत्या पक्षाला मत देते, कोणत्या देवाला हात जोडते, हे विचारू नका. माझ्या आईच्या वेळी त्या प्रतिनिधीने विचारले नव्हते. म्हणूनच त्याचा पक्ष नव्हे, तो माणूस मला आजही आठवतो.