वणव्याचा पहिला तास

(डोंगरकडा, तालुका कळमनुरी, येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



डोंगरकडा म्हटले की केळीच्या बागा, हळद आणि ऊस डोळ्यांपुढे येतात. वणवा हा विषय मेळघाटाचा किंवा गडचिरोलीचा. तो येथे कशासाठी, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला वन मुळातच थोडे आले आहे, आणि जे थोडे असते त्याची हानी भरून निघण्यास फार काळ लागतो. उतारावरील गवत व पालापाचोळा जळाला की उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. ओढे नदीला मिळतात, आणि नदीवर धरणे आहेत. तेव्हा बागायतदारानेही डोंगरावरील आगीकडे परकेपणाने पाहू नये.

आपली वने पानगळीची. साग, धावडा, सालई, पळस यांची पाने माघ-फाल्गुनात खाली येतात आणि सारे रान वाळलेल्या पाचोळ्याने झाकले जाते. म्हणूनच १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो. मात्र पाचोळा स्वतःहून पेटत नाही. धुरा जाळताना वारा फिरतो, उसाचे पाचट पेटवून माणूस घरी जातो, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा जाळून साफ केली जाते, कोणी विडीचे थोटूक टाकतो.

गवतासाठी लावल्या जाणाऱ्या आगीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिच्यामागे खोडसाळपणा नसून समजूत आहे. जाळलेल्या जागी हिरवा फुटवा लवकर येतो, हे गुराख्याचे निरीक्षण खोटे नाही. पण वर्षानुवर्षे जाळलेल्या कुरणात चांगली गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. ती कोवळी असेतो गुरे खातात. पुढे तिची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात व मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात. चार दिवसांच्या फुटव्यासाठी कुरणच हातचे जाते. हे गुराख्याला दंडाच्या धाकाने पटणार नाही. जळलेली आणि राखलेली जागा शेजारी शेजारी दाखविली तर पटेल. शाळेची सहलही अशा ठिकाणी नेता येईल.

शासनाकडून काय होते? पावसाळ्यानंतर वन विभाग जाळरेषा काढतो. म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून, वाळवून, देखरेखीखाली हंगामापूर्वी जाळले जाते, जेणेकरून पुढे येणारी आग तेथे उपाशी मरावी. हंगामात अग्निरक्षक नेमले जातात. पाचोळा उडविणारी यंत्रेही आता हाताशी आली आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने आगीची ठिकाणे शोधून वनकर्मचाऱ्यांना संदेश पाठविते. व्यवस्था उपयुक्त आहे. तथापि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. त्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे ३७५ मीटर लांबी-रुंदीचा असतो. चार माणसे हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतील एवढी लहान आग त्याला बहुधा दिसत नाही. ती दिसते ती गावाला.

म्हणून पहिला तास गावाचा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ या संदर्भात आपण सर्वांनी वाचावे. वनात चराई वा वनोपजाची परवानगी असलेल्यांवर, तसेच वनालगतच्या गावातील शासनाच्या नोकरीत असलेल्या किंवा लोकसेवेबद्दल शासनाकडून मोबदला घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर, आगीची माहिती मिळताच ती विझविण्यासाठी पाऊल उचलण्याचे बंधन हे कलम घालते. कोणी बोलावण्याची वाट पाहण्याची त्यात सवलत नाही. आग वनाबाहेर असून आत शिरण्याची शक्यता असली तरीही बंधन तेच. आपल्यापैकी अनेकांना ही जबाबदारी ठाऊक नसावी.

याच कायद्याचे कलम २६ असेही सांगते की, राखीव वनात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणामुळे आग लागल्यास तेथील चराई व वनोपजाचे हक्क शासन काही काळ स्थगित करू शकते. ही तरतूद दुधारी आहे. एकाच्या चुकीने साऱ्या गावाची चराई बंद होण्याची भीती असली, तर माहिती देण्याऐवजी ती दडविण्याकडे कल होतो. खबर देणाराच चौकशीच्या फेऱ्यात अडकला, तर पुढच्या वेळी तो धूर पाहूनही गप्प राहील. म्हणून खबर देणाऱ्यास सन्मानाने वागविणे, हेही अग्निप्रतिबंधाचेच काम आहे, असे मी येथील अधिकारी मित्रांना आग्रहपूर्वक सांगेन. वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला वनरक्षणाचा अधिकार दिला आहे. जेथे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत, तेथे हा अधिकार वापरला जावा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात आग विझविण्याच्या कामी तीन मजुरांनी प्राण गमावले. आग चढावर वेगाने धावते आणि वारा फिरला की विझत आलेली आगही पुन्हा उसळते. तेव्हा आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये. एकट्याने जाऊ नये. परतीची वाट आधी पाहावी. अंगावर सुती कपडे असावेत. विद्यार्थ्यांना विझविण्याच्या कामास मुळीच नेऊ नये. ज्वाळा डोक्याएवढ्या झाल्या असतील तर मागे सरून वन विभागाच्या माणसांची वाट पाहावी. त्यात कमीपणा नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत धुरे व पाचट जाळण्याविषयी ठराव व्हावा: दिवस ठरलेला, वारा पडलेला, शेजाऱ्यास पूर्वसूचना दिलेली, आणि आग पूर्ण विझेपर्यंत माणूस हजर. आगीच्या वेळी निघू शकणाऱ्या दहा-बारा प्रौढांची नावे, वनरक्षकाचा दूरध्वनी आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. वनरक्षकाची बदली झाली की त्याचा क्रमांक त्याच दिवशी बदलून घ्यावा.