खेळणी थोडी, खेळ पुष्कळ

श्रोतेहो, मुलाला चार वस्तू जास्त दिल्या म्हणजे त्याचे अधिक भले झाले, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. वाढदिवस आला, जत्रा आली, मामा गावाहून आला, की खेळणे आलेच. आणि हल्ली त्या सगळ्यांवर ताण करणारा मोबाइल! विरारसारख्या ठिकाणी हे फार ठळक दिसते. जीवदानीच्या डोंगराखाली इमारती उठल्या आणि अंगणे गेली. आईबाप सकाळची लोकल गाठतात, ते दिवेलागणीनंतर परततात. घरी आजी एकटी. स्वयंपाक होईपर्यंत तिने नातवाच्या हाती मोबाइल दिला, तर तिला बोल कोणी लावावा? मूल रडत नाही, पडत नाही, कपडे मळवीत नाही. पण मूल गप्प बसले म्हणजे ते खेळले, असे नव्हे.

खेळात मुलाने स्वतः काहीतरी करायचे असते. हाती काठी आली की तिचा घोडा होतो, घटकाभराने तीच नावेचे वल्हे होते. पडद्यावरचा घोडा मात्र आयता धावतो. मुलाला करायला काही उरतच नाही.

खेळण्यांच्या ढिगाचेही तसेच आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांची ३६ मुले पाहिली. प्रत्येक मुलापुढे एकदा ४ खेळणी ठेवली, एकदा १६. खेळणी चारच होती तेव्हा मुले एकेका खेळण्यात अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला जायला हवे? विरारहून गाडीने उत्तरेस निघावे आणि घोलवडला उतरावे. जवळच समुद्रकाठी बोर्डी आहे. हा मुलूख आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीबाईंची शिक्षणसाधने उत्तम खरी, पण महाग. खेड्याला ती कशी परवडावीत? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढले. शिंपल्यांची लहान-मोठी अशी रांग लावताना मूल नजरेने मापते, बोटांनी निवडते, तोंडाने मोजते. पैशाच्या अडचणीतून निघालेली ही वाट होती, पण मुलाच्या वाढीला ती मानवली.

म्हणून घरी एवढे करून पाहा. सगळी खेळणी ट्रंकेत भरा. बाहेर चार-पाचच ठेवा आणि पंधरा दिवसांनी ती बदला. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला जवळ बसवा. आजीबाईंचे काम थोडे लांबेल, सांडलवंडही होईल, पण नातवाच्या हाताला काम मिळेल. रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर न्या. ओली वाळू फुकट मिळते. मूल “कंटाळा आला” म्हणाले, तर लगेच धावू नका. थोडे थांबा, ते आपणच काहीतरी शोधून काढील.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आपल्या वर्गात चिंचोके, सागरगोटे, रिकामी खोकी यांचा एक कोपरा असावा. मात्र सर्व काही तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांपासून बारीक बिया दूर ठेवा. गुंजा तर विषारी असतात, त्या नकोतच.

आता मोबाइलविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. पण हा नियम एकट्या मुलावर लादून चालत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. तो वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे, असा बेत होता. मुलांबरोबर मोठ्यांनीही हे बंधन पाळायचे, हे मला त्यात विशेष वाटते. बाप जेवताना मोबाइल पाहत असेल, तर मुलाला त्याने कोणत्या तोंडाने सांगावे?

आपल्या गावात भोंगा नसला तरी अडत नाही. जेवणाच्या वेळी घरातले सारे मोबाइल एका फळीवर ठेवावेत. आईबापांचे आधी, मुलाचा मागाहून. दिवसभराच्या दगदगीने आपण थकलेले असतो, हे खरे. तरी तेवढा अर्धा तास मुलाशी बोलावे. बाजारातल्या कोणत्याही खेळण्यापेक्षा त्याला तो अधिक हवा असतो.