ज्योत गिळणारे इंजिन

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटविण्यापूर्वी मास्तर खिडकी लावून घेत, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या दिव्याची ज्योत फिकट निळी. उन्हाच्या कवडशात ती दिसतही नसे, आणि वाऱ्याने ढळली की परीक्षानळीतील पाणी उकळायचे राहून जाई. आज ज्या लहानशा यंत्राविषयी बोलायचे आहे ते याच दिव्यावर चालते. त्याला बॉयलर नाही, ठिणगी नाही, पेट्रोलही नाही. ते दिव्याची ज्योत आत ओढते आणि फिरू लागते. ते तयार झाले फरीदाबादेत, एका घराच्या मागच्या व्हरांड्यात. आणि ते घडविणारे गृहस्थ याच शाळेच्या सुरुवातीच्या एका तुकडीचे विद्यार्थी आहेत. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने येथे त्यांचा उल्लेख केवळ ‘गृहस्थ’ असाच होईल.

मराठी कुटुंबांना दिल्ली ठाऊक असते, फरीदाबाद फारसे नसते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९च्या सुमारास जुन्या गावाशेजारी हे औद्योगिक नगर वसविण्यास आरंभ झाला. निर्वासितांनी स्वतःच्या श्रमाने घरे बांधली, सहकारी संस्था काढल्या; आणि जर्मनीकडून युद्धभरपाईपोटी मिळालेले, कोलकात्याच्या बंदरात पडून राहिलेले डिझेलवरचे वीजकेंद्र येथे आणून उभे करण्यात आले. या वसाहतीला आजही एन.आय.टी. म्हणतात. नवखा माणूस तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय शोधू लागतो. पण ते न्यू इंडस्ट्रियल टाउनशिपचे लघुरूप आहे. पुढे येथे ट्रॅक्टर बनू लागले, राजदूत मोटारसायकल बनू लागली, आणि मोठ्या कारखान्यांच्या आधाराने गल्लोगल्ली जॉबवर्कची लेथ फिरू लागली. आय.टी.आय.मधून टर्नर होऊन बाहेर पडलेला मराठी मुलगा येथे नोकरीस आला आणि येथलाच झाला, यात नवल नाही.

गृहस्थांनी आयुष्यातील पहिली काही वर्षे टूलरूममध्ये आणि उरलेली सारी तपासणी विभागात काढली. तपासणीचे काम अप्रिय असते. इतरांनी केलेला नग मोजायचा, आणि मापात न बसल्यास त्यावर लाल रंगाचा फराटा ओढून तो बाजूला टाकायचा. लाल फराट्याचा नग पुन्हा जुळणीच्या ओळीत जात नाही. ज्याच्या हातचा तो नग असेल त्याचा चेहरा न पाहता फराटा ओढण्याची सवय करावी लागते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुने, लहान लेथ विकत घेतले, व्हरांड्याला जाळी लावली, आणि इतकी वर्षे मनात असलेले इंजिन हाती घेतले.

या इंजिनाचे तत्त्व समजण्यासाठी शाळेतलाच एक प्रयोग पुरेसा आहे. पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळायचे, वाफ बाहेर येऊ लागली की विस्तवावरून उतरवून झाकण घट्ट लावायचे, आणि वरून गार पाणी ओतायचे. डबा कोणी न दाबता चेमटतो. बाहेरची हवा त्याला दाबते. ज्योतीच्या इंजिनात हेच घडते, मात्र वाफेऐवजी तापलेल्या वायूवर. दट्ट्या बाहेर सरकताना नळकांड्याच्या टोकाच्या छिद्रातून ज्योत आत खेचली जाते. दट्ट्या शेवटाला पोहोचण्याच्या सुमारास झडप छिद्र बंद करते. आत कोंडलेला तप्त वायू नळकांड्याच्या गार भिंतींना लागून क्षणार्धात निवतो, त्याचा दाब उतरतो, आणि बाहेरची हवा दट्ट्याला आत ढकलते. शेवटी झडप उघडते, उरलेला वायू बाहेर जातो, जडशीळ चक्र आपल्या वेगाने दट्ट्याला पुन्हा बाहेर नेते. म्हणजे काम करते ते बाहेरचे वातावरण. ज्योत केवळ त्याला जागा करून देते.

हा विचार जुना आहे. न्यूकमेनने १७१२ साली खाणीतील पाणी उपसण्यासाठी उभारलेले इंजिन वाफ निववून हवेच्याच दाबावर चाले. लंडनच्या सॅम्युअल ब्राऊनने १८२३ साली ज्योतीने तापविलेल्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले आणि १८२६मध्ये तसे इंजिन बसविलेली गाडी शूटर्स हिलचा चढ चढवून दाखविली. ऑटो आणि लँगेन यांचे १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविणारे इंजिनही परतीच्या फेऱ्यात वातावरणाकडूनच काम करवून घेई. पुढे १८७६ साली ऑटोचे चार फेऱ्यांचे इंजिन आले आणि वायू निवण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. विहिरीवर धडधडणारे, हँडल मारून सुरू होणारे इंजिन मराठी मुलुखाला ओळखीचे आहे, ते या नंतरच्या वंशातले. ज्योत गिळणारे इंजिन मागे राहिले ते हौशी कारागिरांच्या टेबलावर.

तेथे ते टिकले, कारण त्याच्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. हिशेब करून पाहावा. दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, आणि त्यावर वातावरणाचा भार सुमारे सव्वातीन किलो. आतला वायू सरासरी ३२७ अंश सेल्सिअसवरून २७ अंशांवर आला असे मानले, तर त्याचा दाब निम्मा होतो; म्हणजे हाती येणारा जोर फार तर दीड किलोच्या आसपास, तोही क्षणभर. प्रत्यक्षात ज्योतीबरोबर गार हवाही आत शिरते, वायू पुरता निवत नाही, आणि जोर याहून पुष्कळ कमी भरतो. मोटारसायकलच्या इंजिनात ताकद इतकी उदंड असते की लहानसहान दोष तिच्याखाली झाकले जातात. येथे झाकण्यासाठी काहीच नसते. बेअरिंगमधले घट्ट ग्रीससुद्धा एवढी ताकद खाऊन टाकते. ते रॉकेलने धुऊन काढून हलक्या तेलाचा एक थेंब द्यावा लागतो.

नळकांडे आणि दट्ट्या गृहस्थांनी बिडाच्या लोखंडातून घडविले. बिडात ग्रॅफाइट असते, त्यामुळे तो धातू कोरडाच घसरतो. दट्ट्याला तेल लावता येत नाही. तेल उष्णतेने चिकट होते आणि दट्ट्या धरून ठेवते. झडपेसाठी त्यांनी स्प्रिंगच्या पातळ पोलादी पट्टीचा तुकडा वापरला. नळकांड्याचा आतील भाग लेथवर कापून झाल्यावर बारीक घासपेस्ट लावून तो हाताने घोटावा लागतो. जुळणी साधली की नाही, याच्या दोन कसोट्या आहेत. छिद्र मोकळे ठेवून नळकांडे उभे धरले, तर दट्ट्या स्वतःच्या वजनाने अलगद खाली उतरला पाहिजे. छिद्रावर बोट दाबून दट्ट्या ओढला आणि सोडला, तर तो झटक्याने परत गेला पाहिजे. पहिली कसोटी सैलपणा मागते, दुसरी घट्टपणा. आणि दोन्ही एकाच वेळी उत्तीर्ण व्हाव्या लागतात.

इंजिन जोडून झाले आणि चालले नाही. चक्राला हाताने गती दिली की चार-पाच फेरे होत, मग सारे थांबे. पुढचे चार महिने त्यात गेले. झडप उघडमीट करणारा उंचवटा त्यांनी तीनदा नव्याने कापला. दिव्याची वात बदलली, दिवा छिद्रापासून मिलिमीटर-मिलिमीटरने पुढेमागे सरकवून पाहिला, चक्र जड केले, पुन्हा हलके केले. त्यांची नात शेजारी बसून प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवी. नळकांड्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. ते आरशासारखे चमकत होते, आणि ते घोटण्यात त्यांची तीन आठवड्यांची मेहनत होती.

“आजोबा, यात नळकांड्याचे काहीच लिहिलेले नाही,” असे नात एके दिवशी वही चाळताना म्हणाली. ती केवळ नोंदीतील रिकामी जागा दाखवीत होती. त्यावर त्यांनी थोड्या रागानेच दट्ट्या काढला आणि छिद्रावर बोट ठेवून कसोटी घेतली. नळकांड्याच्या मध्यभागी दट्ट्या झटक्याने परत गेला. अगदी बाहेरच्या टोकाशी ओढून सोडला, तेव्हा तो तेथेच रेंगाळला. घोटताना हत्यार प्रत्येक फेऱ्यास तोंडाबाहेर अंमळ अधिक आल्यामुळे नळकांडे टोकाशी कर्ण्यासारखे रुंदावले होते. आणि वायू निवू लागतो तेव्हा दट्ट्या नेमका त्याच टोकाशी असतो. मिळविलेला सारा जोर तेथूनच गळत होता. गृहस्थांनी माप घेतले होते, परंतु मध्यभागी. इतरांचा नग तपासताना दोन्ही टोके आणि मध्य, अशी तीन मापे घेतल्यावाचून त्यांनी कधी सही केली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी कपाटातून लाल रंगाची डबी काढली. फराटा ओढलेले ते नळकांडे व्हरांड्यातल्या फळीवर राहिले.

दुसरे नळकांडे तयार व्हायला हिवाळा उजाडला. जानेवारीतल्या एका धुकट सकाळी इंजिन पुन्हा मांडले, आणि पुन्हा अडले. या वेळी कारण निराळे होते. स्पिरिट जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती गारठलेल्या नळकांड्यात दवासारखी साचून दट्ट्या चिकटला होता. ज्योतीवर नळकांडे कोमट होऊ दिले, दट्ट्या पुसून बसविला, चक्राला बोट लावले. टक्-टक् असा हलका आवाज सुरू झाला आणि थांबला नाही. नातीने वहीत वेळ लिहिली, दुसरे काही लिहिले नाही.

त्यांच्या घरात विचारला गेलेला प्रश्न पालकांच्याही मनात आला असेल: एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? कामाचा म्हणावा असा उपयोग नाही. हे इंजिन कागदाची भिंगरीही कुरकुरत फिरवील. पण त्याने एक जुनी चूक उकरून काढली, ती येथे सांगण्यासारखी आहे. ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून वर पेला पालथा घातला की पाणी आत चढते. पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक शाळांतील वह्यांत त्याचे कारण लिहिले गेले: ऑक्सिजन जळून संपला, म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली. गृहस्थांनीही तसेच लिहून पूर्ण गुण मिळविले होते. वस्तुतः सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच मेणबत्ती विझते, आणि जळालेल्या ऑक्सिजनच्या जागी बहुतांशी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते. पाणी वर चढते ते मुख्यतः पेल्यातील तापलेली हवा निवते म्हणून. पेला घालताना कडेने निसटणारे बुडबुडे त्याची साक्ष देतात. पाणी हळूहळू चढत नाही, ज्योत विझल्यावर एकदम चढते, हे त्या वहीच्या शेजारीच घडत होते. प्रयोग करून दाखविण्याऐवजी त्याची आकृती काढून घेणे सोपे असते, आणि आज अनेक प्रयोगशाळांची कुलुपे परीक्षेपुरतीच उघडतात; तेव्हा ही चूक अजून किती वह्यांत नांदत असेल कोण जाणे.

महोत्सवाच्या निमित्ताने गृहस्थांनी ते इंजिन शाळेकडे पाठविले आहे. प्रयोगशाळेतील पहिल्या टेबलावर ते ठेवले आहे, आणि त्याच्या शेजारी, त्यांच्याच आग्रहावरून, लाल फराट्याचे नळकांडेही. सोबत त्यांच्या अक्षरातली सूचनांची चिठ्ठी आहे. दिवा लावण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा. नळकांडे आधी कोमट होऊ द्यावे. उन्हाळ्यात ते लवकर तापून इंजिन मंदावेल. तेव्हा दिवा बाजूला घेऊन ते निवेपर्यंत थांबावे. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून मुलांचे हात दूर ठेवावेत. आणि कोणीही, कितीही वाटले तरी, दट्ट्याला तेल घालू नये.