वेताळापासून शूलपाणीच्या झाडीपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुडा जेथे नर्मदेच्या पात्राकडे उतरतो तेथे, मणिबेली नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. अद्भुत व भयानक कथांचा बाळपणापासून नाद लागलेला पुण्या-मुंबईकडील वाचक हे नाव पहिल्यांदा वाचतो ते बहुधा धरणाच्या एखाद्या बातमीत, आणि पान उलटून विसरून जातो. तथापि त्याच्या नादाची वाट शेवटी याच गावाशी येऊन ठेपते. ती कशी ठेपते हे पाहावयाचे, तर आरंभ घरातल्या पुस्तकांच्या कपाटापासूनच केला पाहिजे.

मराठी घरातील मुलास पहिले भूत भेटते ते वेताळपंचविशीत. मध्यरात्रीचे स्मशान, झाडास लोंबकळणारे प्रेत, ते खांद्यावर टाकून निमूट चालणारा राजा, आणि वाटेत गोष्ट सांगून कोडे घालणारा तो वेताळ. उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर राजाच्या मस्तकाची शकले व्हावयाची. बोलला तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर! मूल अंगावर काटा घेऊन ऐकते आणि प्रेताचे थंडगार ओझे तेवढे लक्षात ठेवते. सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात गुंफलेल्या या मालिकेचा शेवट त्यास पुढे फार वर्षांनी आठवतो. ज्याच्या विनंतीवरून राजा हे काम करीत असतो, तो साधुवेषातील पुरुष राजाचाच बळी देणार असतो. आणि ही वार्ता राजाच्या कानी घालून त्याचा जीव वाचवितो तो वेताळ. भगव्या वस्त्रातला मनुष्य घातकी निघाला, आणि प्रेतात शिरलेले भूत हितकर्ते निघाले. एवढी मोठी गोष्ट पहिल्याच पुस्तकात सांगून झालेली असते. परंतु दहाव्या वर्षी ती कोणास उमगावी?

पुढे अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हाती येतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषांतरास हात घातला व पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते काम चालविले, हे सुशिक्षित घरांतून सर्वश्रुत आहे. मागाहून नाथमाधवांचा ‘वीरधवल’ येतो. द्वारकानाथ माधव पितळे हे या लेखकाचे खरे नाव. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे झाले आणि त्यानंतरच्या अंथरुणावर त्यांच्यातला कादंबरीकार जागा झाला. ज्याची पावले कायमची थांबली त्याने वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांस भुयारांतून व तळघरांतून हिंडविले, हे ‘वीरधवला’तील कोणत्याही चमत्काराहून कमी नव्हे.

खरे भय मात्र यानंतरचे. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी फिरत्या वाचनालयाची ती मळकट, पुठ्ठ्याची बांधणी केलेली पुस्तके आली असतील, आणि दिवे मालवल्यानंतर मोरीपर्यंत एकट्याने जाण्याचे धैर्य कित्येकांनी त्यांच्यापायी गमावलेही असेल. नारायण धारप (१९२५–२००८) यांचे सामर्थ्य असे, की ते परक्या देशातील पडका किल्ला शोधावयास जात नाहीत. माडी, माजघर, भाड्याने घेतलेले बिऱ्हाड, यांतच काहीतरी बिघडू लागते; आणि बिघाड पराकोटीस गेला, की त्यांचा ‘समर्थ’ येऊन घडी पुन्हा बसवितो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘खेकडा’सारख्या गूढकथांत असा तारणहार नसतो, म्हणून त्या अधिक काळ छळतात. धारपांची ‘लुचाई’ व ‘शपथ’ या स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, हे वाचकास मोठेपणी कळते. त्यात कोणास हिरमुसावयाचे असल्यास त्याने खुशाल हिरमुसावे. मराठी वाड्यात ते भय रुजविणे हे काही नुसत्या भाषांतराचे काम नव्हे. त्यांच्या ‘आजी’ या कथेचे बीजही किंगचेच, आणि २०१८ साली निघालेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटात ते पुन्हा उगवले. घरातली जराजर्जर म्हातारी, जिच्या खोलीत जावयास मुले थरथरतात, तीच भयाचे मूळ. ही म्हातारी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडावयाची आहे.

एव्हाना वाचक इंग्रजीकडे वळलेला असतो. ब्राम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ (१८९७) तो एका बैठकीत संपवितो. लव्हक्राफ्टच्या कथांतील विश्वाच्या तळाशी निजलेल्या प्राचीन शक्तींनी तो भारावून जातो. परंतु लव्हक्राफ्टचा पत्रव्यवहार व चरित्र चाळल्यावर त्यास एक खटकणारी गोष्ट दिसते: या मनुष्यास परक्या वंशाच्या लोकांचीच शिसारी होती, आणि ती त्याच्या कथांतील राक्षसांत उतरली आहे. ‘ड्रॅक्युला’तही संकट लंडनवर चालून येते ते पूर्वेकडून, परमुलखातून. तेव्हा वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो, की भयकथेत भयंकर ठरवावयाचे कोणास, हे कोण ठरवितो?

याचे उत्तर त्यास एका अठरा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात सापडते. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी सतत पाऊस कोसळत होता. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटल्याने सारे ऋतुमानच बिघडले होते. घरात कोंडून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज घेतली, आणि मेरी शेलीने ‘फ्रॅंकेन्स्टाइन’ लिहावयास घेतले. १८१८ साली ते छापले गेले. त्यातील कुरूप प्राणी चित्रपटांतल्यासारखा मुका नाही. तो एका गरीब कुटुंबाच्या भिंतीआड लपून त्यांची भाषा शिकतो; रानात सापडलेली मिल्टन, प्लूटार्क व गटे यांची पुस्तके वाचतो, आणि मग स्वतःची कैफियत स्वतःच्या तोंडाने सांगतो. राक्षसास वाचता येते! वेताळास गोष्टी सांगता येतात, तसेच हे. येथून पुढे हा वाचक प्रत्येक भयकथेत दुसऱ्या बाजूची कैफियत शोधू लागतो, आणि ती बहुधा पुस्तकात नसतेच.

याच सुमारास तो नर्मदा परिक्रमेची वर्णने वाचीत असतो. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ज्याने वाचली, त्यास शूलपाणीची झाडी निराळी सांगावयास नको. निजलेल्या मुलांना मारल्याबद्दल शाप मिळालेला, कपाळीचा मणी गमावलेला अश्वत्थामा या रानात भटकतो आणि जखमेवर घालावयास तेल मागतो, अशी परिक्रमावासीयांची श्रद्धा. महाभारतात शापाची मुदत तीन हजार वर्षांची आहे. लोकांनी ती वाढवून दिली. या रानातले दुसरे भय होते भिल्लांचे. ते यात्रेकरूस गाठून लंगोटीखेरीज सर्व काही काढून घेत. यात्रेकरू त्यांस ‘मामा’ म्हणत आणि ही नर्मदेनेच घेतलेली परीक्षा मानीत. अद्भुताचा नादी वाचक या पानांवर वेताळाइतकाच रमतो. पण आता त्याची सवय मोडलेली असते, आणि तो मामांची कैफियत शोधू जातो. १८१८ नंतर खानदेश कंपनी सरकारकडे गेला. १८२५ साली आउट्रॅमने भिल्लांना शमविण्यासाठी भिल्लांचीच पलटण उभी केली. पुढे सरकारी जंगलाचे कायदे आले, आणि ज्या रानावर पोट चालावयाचे ते रानच परके झाले. लुटलेल्या यात्रेकरूची गोष्ट छापली गेली. ज्याचे रान गेले त्याची गोष्ट छापणारा छापखाना डोंगरात नव्हता.

तथापि कैफियत शोधणाऱ्याने डोंगराला तरी देवघर का मानावे? सातपुड्यातही भय कोणावर तरी लादले जातेच. मूल दगावले, गुरे मेली, की एखाद्या बाईस, पुष्कळदा एकट्या विधवेस वा म्हातारीस, डाकीण ठरविण्यात येते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, प्रसंगी जीवही घेतला जातो. धारपांची आजी पुस्तक मिटल्याबरोबर नाहीशी होते; ही म्हातारी होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर, ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला, आणि अशा छळास त्यात शिक्षा सांगितली आहे. पुस्तकातल्या चेटकिणीस मुक्तकंठाने दाद देणाऱ्या वाचकाला डाकिणीची बातमी वाचताना ओशाळल्यासारखे होते. त्याने पुस्तके टाकून द्यावीत असे मात्र मुळीच नाही. वेताळाने ज्या राजास वाचविले, तो ऐकून घेत होता म्हणूनच वाचला.

आणि मणिबेली? ते याच शूलपाणीच्या झाडीतले गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांआधी चढले ते येथे. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली धरणावर कडक ताशेरे ओढले. १९९३ साली बँकेचे कर्ज थांबले. आणि १९९४ साली मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी जगभरच्या शेकडो संस्थांनी ज्या जाहीरनाम्याने केली, त्यास नाव मिळाले ते या खेड्याचे. पाणी मात्र थांबले नाही. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले, शेते व घरे बुडाली. पुष्कळ कुटुंबे इतरत्र वसविली गेली, काही डोंगरात वर सरकून राहिली. अश्वत्थाम्याचे ते रान आता पुष्कळसे पाण्याखाली आहे.

परिक्रमावासी अद्यापही दक्षिण तीरावरून, जलाशय डाव्या-उजव्या वळणांनी चुकवीत, डोंगरवाटांनी जातात. लुटालूट आता राहिली नाही. ज्या वस्त्यांच्या नावाने यात्रेकरू एके काळी चळचळा कापत, त्यांतल्याच झोपड्यांच्या ओसरीत त्यांस रात्रीचा आसरा व ताटात भाकरी मिळते.