रुग्ण, वैद्य आणि दूरध्वनी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत, ११ फेब्रुवारी रोजीं, रुग्णांच्या मेळाव्यापुढें केलेलें भाषण)



आज लुर्दच्या मातेचा सण. १९९३ सालापासून ख्रिस्तसभा हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळीत आली आहे. आज आम्ही एका अगदीं व्यवहाराच्या गोष्टीविषयीं बोलणार आहों. कोणी म्हणेल, हें धर्मगुरूचें काम नव्हे. परंतु बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखावा असें सांगितलें आहे, आणि वैद्याशीं खरें बोलणें हा त्या मानाचाच भाग होय.

कर्करोगाचे उपचार चालू असतां वसईहून परळास गर्दीच्या लोकलनें वारंवार जाणें म्हणजे काय, हें येथें बसलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे. केमोथेरपीनें पांढऱ्या पेशी उतरल्या असतां ती गर्दी धोक्याचीहि असते. २०२० च्या मार्च महिन्यांत सरकारनें दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. आतां कांहीं भेटी फोनवर वा व्हिडिओवर होतात. सोय मोठी, पण डॉक्टर तेथें हात लावून पाहूं शकत नाहींत. त्यांस बहुतेक सर्व आपल्या शब्दांतूनच दिसतें.

गेल्या पावसाळ्यांत अशा एका भेटीच्या वेळीं आम्ही एका आजीबाईंच्या उशाशीं बसलों होतों. (त्यांच्या अनुमतीनेंच हें सांगत आहों.) फोन मुलाच्या हातीं. डॉक्टरांनीं विचारलें, "कशा आहेत?" मुलगा म्हणाला, "ठीक आहेत." चार मिनिटांत भेट आटोपली. वास्तविक त्या माउलीच्या तोंडांत फोड आले होते. तीन दिवस पेजेशिवाय पोटांत कांहीं गेलें नव्हतें. मुलगा काळजी करील म्हणून तिनें हें लपविलें होतें, आणि तिला भय वाटेल म्हणून त्यानें 'कॅन्सर' हा शब्द तिच्यापुढें कधीं उच्चारला नव्हता. दोघांचेंहि प्रेमच, पण त्या प्रेमानें डॉक्टरांचे डोळे बांधले गेले. त्याच सायंकाळीं आम्हीं पुन्हां फोन लावावयास सांगितलें, आणि आजी स्वतः बोलल्या.

पापनिवेदनापूर्वीं आपण अंतःकरणाची तपासणी करतों ना? तशीच देहाची करावी. आदल्या रात्रीं वहींत लिहावें: ताप किती, वजन किती उतरलें, काय खाल्लें, शौचास कसें होतें, वेदना कोठें, हातापायांस मुंग्या येतात काय. प्रश्न तीनच लिहावेत, आणि ज्याची लाज वाटते तो पहिला. औषधांच्या पट्ट्या व रक्ततपासणीचे कागद जवळ असावेत. गांवठी काढा घेत असाल तर तोहि सांगावा; डॉक्टर रागावले तरी चालेल. फोन चार्ज करून ठेवावा, चेहऱ्यावर उजेड पडेल असें बसावें. आजाऱ्यानें स्वतः बोलावें, सोबत्यानें लिहून घ्यावें, आणि लिहिलेलें शेवटीं डॉक्टरांस वाचून दाखवावें.

केमोथेरपी चालू असतां ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहूं नये; रात्र असली तरी तत्काळ रुग्णालयास कळवावें. मॉर्फीनसारखें औषध ह्या नियमांप्रमाणें फोनवर लिहून देतां येत नाहीं. गोळ्या संपण्यापूर्वींच प्रत्यक्ष भेटीची व्यवस्था करावी. वेदना सोसणें हेंच पुण्य मानून तें औषध नाकारणारेहि आम्हांस भेटतात. वेदनाशमन घेण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाहीं. पोप पायस बारावे ह्यांनीं १९५७ सालींच तें स्पष्ट केलें आहे.

ज्यांच्या घरीं तसा फोन नाहीं, अथवा ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं आमच्याकडे यावें. सकाळची मिस्सा झाल्यावर कचेरीमागची खोली शांत असते. येतांना वही मात्र आणावी.