नाताळ, पेटी आणि अभंग



नाताळ जवळ आला,
की मराठी ख्रिस्ती घरांत पेटीवरचं कापड निघतं.
तबल्याचा सूर लावला जातो.
आजी जुनं गीत सुरू करते,
नातवंडं तिच्यामागून म्हणतात.

इथे श्रद्धा गाण्यातून पुढे जाते.

यातली कित्येक गीतं
रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.
1895 साली ते ख्रिस्ती झाले.
पण अभंग त्यांनी सोडला नाही,
ओवीही सोडली नाही.
येशूची भक्ती त्यांनी तुकोबांच्या छंदात गायली.

अक्षरओळख नसलेल्यांनाही
ही गीतं ऐकून पाठ झाली.

होय, श्रद्धा गाण्यातून पुढे जाते.

तेव्हा श्रोतेहो,
यंदाच्या नाताळात
घरातल्या वडीलधाऱ्यांना एक जुनं गीत म्हणायला सांगा.
आणि मुलांना शेजारी बसवा.

नाताळच्या शुभेच्छा!