ओम्नीत ईकोचं इंजिन: आधी कागद, मग पाना

आमच्या सौंदडला हायवेवर ओम्नी चौथ्या गिअरमध्ये नुसती ओरडते, पाचवा नाहीच. म्हणून जुन्या ईकोचं इंजिन टाकायचं ठरवलंय. ओम्नीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर; ईकोचं ११९६, चार.

वॅगनआरचं नको. ते आडवं बसतं, पुढची चाकं फिरवतं. आपली गाडी मागच्या चाकांवर चालते. ईकोचं इंजिन-गिअरबॉक्स जोडीनंच घ्या. माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंगचे पैसे वेगळे ठेवा. अन् ब्रेक? पळणारी गाडी थांबायलाही हवी ना भाऊ!

पण आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा, कलम ५२: आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. भंगारातलं इंजिन बिलाशिवाय घेऊच नका, चोरीचं निघालं तर?

माझा अर्ज आरटीओत पडलाय. तोवर चौथा गिअर.